चिंतेची वेळ सात ते साडेसात

महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या सबंध पट्ट्यात चिंता कशी करावी हे कळलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला याचा मला अजून आनंद होतो. ते माझे थोरले साडू. माझी बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून गल्लीही भावोजी म्हणते; खरं नाव बहुधा लाइटच्या बिलालाच ठाऊक असावं. उभी नोकरी त्यांनी पोलादपूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद घ्यायचा, त्यावर नंबर टाकायचा, पुढे पाठवायचा. नंबर नाही तो कागद जगात नाही, ही त्यांची श्रद्धा. निवृत्त झाल्यावर कागद येईनात, तेव्हा त्यांनी तीच पद्धत चिंतेला लावली. रोज सकाळी सातला ते ओटीवर खुर्ची टाकून बसत, शेजारी चहा, मांडीवर तपकिरी कव्हराची वही. मनात आलेल्या प्रत्येक चिंतेला आवक नंबर, तारीख आणि विषय. मग एकेक चिंता घेऊन ती डोळे मिटून मनापासून करायची. साडेसात वाजले की पेनाला टोपण. त्यानंतर दिवसभर आकाश कोसळलं तरी हा माणूस चिंता करत नसे. एकदा वाऱ्याने मागच्या पडवीचा पत्रा खरोखरच उडाला. भावोजी फणस सोलत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, "उद्या सकाळी घेऊ," म्हणाले आणि हाताला पुन्हा तेल लावलं. खाली बादली ठेवायला ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कधीच धावली होती.

पैशाच्या बाबतीत तर त्यांचा आत्मविश्वास पाहून भल्याभल्यांना घाम फुटावा. पेन्शन बेताची, घर जुनं आणि तेही महाडात नदीच्या अंगाला. पण "पुढचं वर्ष झकास जाणार" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दरवर्षी ऐकलं. कशावरून, असं विचारलं की म्हणत, "मागचंही गेलंच ना?" सावित्रीचं पाणी घरात शिरून गेल्यावर आम्ही सगळे भिंती घासत बसलो होतो, तेव्हा या गृहस्थांनी पाण्याची खूण जिथे होती तिथपर्यंत घरभर तपकिरी ऑइलपेंट मारून घेतला आणि वर पांढरा रंग. "चिखलाचा रंग आपणच आधी दिला," ते मला समजावून सांगत होते, "आता पाणी आलं तरी त्याला करण्यासारखं काही उरलं नाही." इतक्या आनंदाने सांगत होते की मीही घरी येऊन रंगाचा डबा कितीला पडेल याची चौकशी केली.

ही पद्धत त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर गोष्ट वेगळी. पण वर्षभरात त्यांच्याकडे बाहेरच्या चिंता यायला लागल्या. आधी शेजारच्या, मग बाजारपेठेतल्या, मग चक्क वीर स्टेशनवरच्या रिक्षावाल्याची, ज्याच्या भावाचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. भावोजी कुणाला नाही म्हणत नसत. फक्त एक अट होती, चिंता एकदा त्यांच्याकडे दिली की मूळ अर्जदाराने ती करायची नाही. शिवथरकडची एक आजी पहाटेची एसटी पकडून आली होती. "माजा झील मुंबयला हाय," ती म्हणाली, "चार दिस झालं, फोन नाय." भावोजींनी नंबर टाकला, चहा पाजला आणि बजावलं, "आता हा विषय माझ्याकडे आहे. दोघांनी एकच काम केलं की घोळ होतो." आजी इतकी हलकी होऊन गेली की उतरताना पायऱ्यांवर काठी विसरली. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला आणि वहीत तांबड्या शाईने 'निकाली' पडलं. रिक्षावाल्याला मात्र त्यांनी एकदा भर बाजारात रंगेहाथ पकडलं. तो स्टँडवर कपाळाला आठ्या घालून उभा होता. विषय आमच्याकडे आलेला असताना हे कपाळ कशाला, असं चारचौघांत विचारून त्याला त्या आठ्या उतरवायला लावल्या.

मी विज्ञानाचा शिक्षक. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नसायला हवा. पण मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी मी सकाळी सातला त्यांच्या ओटीवर होतो हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी नीट केलीत ना, असं विचारायलाही गेलो. ते दुखावलेच. म्हणाले, पूर्ण दहा मिनिटं दिली, एवढा वेळ मी माझ्या सख्ख्या मुलालाही दिलेला नाही. त्या रात्री मला काय झोप लागली म्हणून सांगू.

अशात एका रविवारी आमच्या गल्लीत पाहणी करणारी एक मुलगी आली. हातात टॅब, पाठीला सॅक, पायात चिखलाने भरलेले बूट. शहरात राहणाऱ्यांना आपल्या पैशापाण्याची किती खात्री वाटते, रोजच्या काळज्या कोणत्या आणि आयुष्याबद्दल समाधान किती, हे तिला विचारायचं होतं. महाडला कोणीतरी शहर म्हटलं यानेच भावोजी खूश. "जय भीम, बसा," म्हणून त्यांनी तिला माझी खुर्ची दिली. पैशाची खात्री? सर्वांत वरची लिहा. चिंता किती वेळा वाटते? इथे गाडं अडलं. टॅबमध्ये 'कधीच नाही', 'कधीकधी' आणि 'नेहमी' एवढेच पर्याय होते, आणि भावोजींना 'सात ते साडेसात' हवा होता. पाऊण तास वाद चालला. त्या मुलीने अखेर दमून 'कधीकधी'वर बोट ठेवलं आणि जाता जाता आपल्याला रोज वीस घरं पुरी करायची असतात ही स्वतःची चिंताही सांगून टाकली. ती उद्या सातला आणून द्यायचं ठरलं. समाधान दहापैकी किती, या प्रश्नावर भावोजींनी दहा सांगून अकराची सोय आहे का ते विचारलं.

मग ती म्हणाली, घरातल्या एका बाईंचंही उत्तर लागेल. ताई पदराला हात पुसत बाहेर आली. समाधान दहापैकी किती?

"चार," ताई म्हणाली.

भावोजी हसले. त्यांना वाटलं, प्रश्न कळला नाही. त्यांनी तो पुन्हा समजावून सांगितला. ताईने पुन्हा चारच म्हटलं आणि मग अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, की पाणी घरात येऊन गेलं तेव्हापासून आषाढ-श्रावणात ती झोपलेली नाही. नगरपालिकेचा पुराचा भोंगा ऐकू यावा म्हणून खिडकी उघडी ठेवते. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी घेते.

"मला कधी बोलली नाहीस," भावोजी म्हणाले.

"तुम्ही साडेसातला वही मिटता," ताई म्हणाली. "पुढचा सगळा दिवस चिंता कोण करतं, असं वाटलं तुम्हाला?"

भावोजींनी वही काढली आणि पहिल्या पानापासून चाळली. सबंध तालुक्याच्या चिंता त्यात होत्या, ताईची एकही नव्हती. नोकरीभर ते असंच धरून चालले होते की ज्याचा अर्ज नाही त्याची तक्रार नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सातला ताईच्या चिंतेला नंबर पडला. साडेसात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले, पेनाला टोपण लागेना. गल्लीत खळबळ उडाली. पाहणीवाली मुलगी ठरल्याप्रमाणे येऊन तशीच परत गेली. भावोजींच्या मुलाचा पनवेलला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, तो कित्येक वर्षं दोघांना बोलावत होता आणि भावोजी कित्येक वर्षं उडवून लावत होते. ज्या गल्लीत मला सगळे ओळखतात ती सोडून कुठे जाऊ, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. दहाच्या सुमारास त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही ना?"

मी म्हटलं, नाही चढत.

"मग झालं," ते म्हणाले आणि मुलाला फोन लावला.

जायच्या आधीचे आठ दिवस म्हणजे नुसता धुमाकूळ होता. भावोजींनी नव्या चिंता घेणं बंद केलं आणि जुन्या 'मूळ अर्जदारास परत' असा शेरा मारून घरोघरी नेऊन दिल्या. रिक्षावाल्याला भावाच्या लग्नाची चिंता परत मिळाली तेव्हा तो वीरहून आलेले पॅसेंजर रिक्षात तसेच ठेवून ढसाढसा रडला. शिवथरच्या आजीने मुलाची नवी चिंता आणून दिलेली होती, तिने तर ती परत घ्यायलाच नकार दिला.

यंदा आषाढात मी पनवेलला गेलो. रात्रीचा मुक्काम केला, सकाळी सातला उठून पाहतो तर भावोजी बाल्कनीत खुर्चीवर, हातात चहा, मांडीवर काही नाही. बाहेर धो धो पाऊस. इथे कोणी येतं का, मी विचारलं. ते म्हणाले, इथे ज्याची तो करतो, समोरच्या दाराचं आडनावही अजून कळलेलं नाही. सांगताना त्यांचा आवाज जरा पडला. मी काहीतरी मोठ्याने बोलायला गेलो तर त्यांनी घाईघाईने माझा हात दाबला आणि आतल्या खोलीकडे मान वळवली. ताई झोपली होती.

"रात्रभर पडतोय," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "तिला पत्ताच नाही."

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर महाडात कधी पाहिला नव्हता. मला खरं तर त्यांना सांगायचं होतं की रात्री बायकोचा फोन आला होता, सावित्रीचं पाणी चढायला लागलंय, घरी ती एकटी आहे. पण ते मी त्यांना सांगितलं नाही आणि तसाच दुपारच्या गाडीने परत आलो. आता ही चिंता मी माझी मीच करतो. सातला बसतो, पण मला ती साडेसातला संपवता येत नाही.