टाके पिकतात म्हणून

आईची गर्भपिशवी काढली त्या वर्षी मी अकरावीत होते. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. टाके काढून ती घरी आली आणि चार-पाच दिवसांत जखमेचं खालचं टोक उघडलं. मग रोज सकाळी दवाखान्यातला कंपाउंडर यायचा, आत कोंबलेली पट्टी चिमट्याने ओढून काढायचा आणि नवी भरायचा. काढलेली पट्टी पिवळी, ओली असायची. आमच्या खोलीला बाजूच्या कारखान्यातल्या लूमच्या तेलाचा वास कायमचा होता. त्या वासातूनही हा दुसरा वास वेगळा कळायचा.

डॉक्टरांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी सोबत होते. "हिच्या अंगात रक्त नाही," ते म्हणाले. "जखम कशाने भरणार? अंडी द्या, दूध द्या, वरणभात, मासे. पोटभर खाऊ दे. महिनाभर वाट बघतो. नाहीतर मला परत उघडून साफ करावं लागेल, आणि ही दुसऱ्यांदा भूल सोसेल असं मला वाटत नाही."

बाबा लूम फिटर होते, यंत्रमाग दुरुस्त करायचे. परत येताना त्यांनी धामणकर नाक्यावर रिक्षा थांबवली आणि अंड्यांचा ट्रे घेतला. घरापर्यंत ट्रे त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला.

आईची थोरली बहीण, माझी मावशी, पडघ्याजवळच्या तिच्या गावाहून सेवेला आली होती. कष्टाळू बाई. आईला उचलून बसवायची, अंग पुसायची, रक्ताचे कपडे धुवायची. पण ट्रे बघताच तिने तो उचलून फळीवर सगळ्यात वर ठेवला.

"टाक्यांवर पांढरं न्हाय द्यायचं," ती म्हणाली. "भात, दूध, अंडं, काय पन नको. टाकं पिकतात."

"मावशी, टाके आधीच पिकलेत."

"म्हनूनच सांगते."

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढले. आमच्या वस्तीच्या विहारात अंधश्रद्धेविरुद्ध सभा व्हायच्या. त्यांची पत्रकं बाबा लिहायचे आणि घड्या मी घालायचे. अंगात येणं, भगताचा अंगारा, कावीळ उतरवणं, सगळ्यांवर पत्रक होतं. मी गठ्ठा सोडून मावशीसमोर बसले आणि वाचायला लागले.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "छान लिवलंय दाजींनी. यात टाक्यांचं कुठं हाय? दाखव."

नव्हतं. आई कॉटवरून हसली आणि लगेच पोट धरून कण्हली.

मी बाबांकडे गेले. बाबा मावशीशी बोलले. "ताई, डॉक्टरांनी सांगितलंय, अंडी द्यायची."

"देते की, दाजी. तुमी कामाला जा निवांत."

आणि ते निवांत गेले. मी कॉलेजला जायला लागले. संध्याकाळी आले की आई झोपलेली असायची. तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. फळीवरची अंडी मात्र कमी होत होती. मला वाटायचं, अंडी चाललीत, मग फरक का पडत नाही? मला भीती वाटायला लागली की आजार दुसराच आहे, डॉक्टर सांगत नाहीत. कंपाउंडरची पट्टी तशीच पिवळी येत होती, आणि आता तो ती काढताना तोंडाला रुमाल बांधायचा.

मग एक दिवस प्राध्यापकांचा संप झाला आणि मी घरीच राहिले. सकाळी मावशीने अंडी फोडली, कांदा घालून भुर्जी केली. वासाने मला बरं वाटलं. मी आईसाठी ताटली घेऊन गेले तर मावशी भुर्जी बाबांच्या डब्यात भरत होती.

आईपुढे नाचणीची कोरडी भाकरी होती आणि बिनदुधाचा चहा.

"रोज हेच?" मी आईला विचारलं.

"मला कुठं कामाला जायचंय," आई म्हणाली. "मला चालतं."

बाबा शर्टाची बटणं लावत होते. मी म्हणाले, "बाबा, तुमचा डबा उघडा."

त्यांनी उघडला नाही. त्यांना ठाऊक होतं आत काय असतं. इतके दिवस खात होते. "मी विचारलं होतं," ते मावशीकडे बघून म्हणाले. "तिला पुरतात ना, विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"मंग? भाकर पुरते की तिला." मावशी जराही डगमगली नाही. "फुकट घालवू का एवढी अंडी? तुमाला दिवसभर लूमवर उभं राह्याचं असतं."

"बाबांच्या हर्नियाच्या वेळी तूच आली होतीस," मी म्हणाले. "टाके होते तरी त्यांना रोज अंडं दिलंस, कोंबडीचा रस्सा दिलास. त्यांचे टाके का नाही पिकले?"

"पुरुषाचं अंग निराळं असतं, बाय."

तिला याच्यापेक्षा मोठं कारण लागत नव्हतं. मला राग तिचा आला नाही, तितका बाबांचा आला. भगताला भर सभेत जाब विचारणारा माणूस घरात एकदा विचारून गप्प बसला होता. बायकोचं औषध डब्यात घालून नेत होता, आणि तिच्या ताटात काय आहे हे वाकून बघितलं नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. आजही मागे घेणार नाही.

बाबा कामाला गेले नाहीत. डबा उघडून आईजवळ बसले.

"खा."

"आणि जखम बिघडली तर?" आई मावशीकडे बघत म्हणाली.

"बिघडलीच आहे."

"मी सांगून ठेवते," मावशी दारातून म्हणाली. "उद्या काय झालं तर माझं नाव नको."

आईने घास घेतला. विष चाखावं तसा तो जिभेवर धरून बसली, मग गिळला.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरने पट्टी ओढली तेव्हा आम्ही सगळेच बघत होतो. आदल्या दिवसापेक्षा ती जास्त ओली होती. मावशीने फक्त माझ्याकडे पाहिलं.  बाबांनी स्टोव्ह पेटवला आणि अंडी उकडायला ठेवली.

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली तेव्हा आम्ही आईला दवाखान्यात नेलं. त्यांनी जखम दाबून पाहिली, तळाशी कापूस फिरवला, पुन्हा पाहिलं. "खालून लाल मांस यायला लागलंय," ते म्हणाले. "आत्ता उघडत नाही. थांबून बघू. खाणं असंच ठेवा."

परतीच्या रिक्षात आईने बाबांना हळूच विचारलं, "अजून किती दिवस खायचं असं, तुमच्या वाट्याचं?"

"आता कायम," बाबा म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. ऑपरेशनला आत नेताना ती भेदरली होती, पण तिचा इतका घाबरलेला चेहरा मी तेव्हाही पाहिला नव्हता.