पुस्तकं निवडताना चुकलेली बस

लेकीनं नवं पुस्तक उघडलं आणि शाईच्या वासासरशी मला चंद्रपूरचं ते दुकान आठवलं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी गणिताचं कोणतं पुस्तक घ्यावं, या घोळात माझी चारची बस चुकली होती.

मोहर्लीजवळच्या आमच्या फाट्यावर उतरले तेव्हा अंधारून आलं होतं. बाबा कुऱ्हाड घेऊन एकटेच उभे होते. जंगलात चितळ सारखं ओरडत होतं.

"उशीर काऊन केला वं? चाल, मांगं पाहू नको."

"पुस्तकं पाहून राह्यली होती, बाबा."

ते मला पुढे घालून स्वतः मागे चालले. रागावलेत, एवढंच मला वाटलं.

सकाळी वाटेच्या धुळीत पाहिलं. माझ्या पावलांवर बाबांची पावलं होती आणि बाबांच्या पावलांवर वाघाची.