पेटीला चारलेला गूळ

आमचं मालक गुऱ्हाळावर गुळव्या हुतं. रस किती आटवायचा, काहील कवा उतरायची, समदं त्येंच्या नजरंवर. एका हंगामात कॉलेजातली माणसं टेपची पेटी घिऊन आलती. कामाची म्हायती माणसांच्या तोंडनं भरून घ्यायची म्हणं. मी भाकरी घिऊन गेलते, बांधावर बसून समदं ऐकलं.

फुडच्या हंगामात उकळता रस अंगावर आला आन मालक गेलं. पोरगं माझ्या पोटात हुतं.

रानातलं तण भांगलायला गेले, म्हशी धरल्या, पोरगं वाढवलं. रडत बसायला येळ कुणाला हुता? पण पोरगं सारखं इचारायचं, "आये, बा कसा बोलायचा गं?" आता आवाज तोंडानं कसा सांगायचा?

त्या टेपा राजारामपुरीत एका हापिसात ठेवल्यात असं कळलं. मायलेकरं दोनदा गेलो. कपाटं भरून टेपा. "यातली कुठली ते सांगा," म्हणाले. डब्यावर ना नाव, ना गाव. रिकाम्या हातानं माघारी आलो.

औंदा पोरगं म्हणालं, "चल आये. कंप्युटरनं समद्या टेपा ऐकून लिवून ठेवल्यात. तोंडानं इचारलं तरी हुडकून देतोय." मी त्येला पोरगं म्हंते खरं, पण त्येचंबी केस पिकल्यात आता.

हापिसात गेलो, तर तितल्या बाईंनी माईक फुडं केला. "आजी, त्यांचं नाव सांगा."

मालकाचं नाव मी जन्मात घेतलं न्हाय. पोरानं सांगितलं. काय निघालं न्हाय. गुळव्याला नाव कोण इचारतंय? मग गुऱ्हाळ म्हटलं, तर ढीगभर निघालं. एकेक ऐकलं. ह्यो न्हवं. ह्योबी न्हवं.

पोरगं मान खाली घालून बसलं. "ऱ्हाऊ दे आये. जाऊया."

"गप बस. बाई, ह्येला कायबी सांगितलं तर चालतं व्हय?"

"आठवेल ते सांगा. तुम्ही घरात बोलता तसंच बोला."

मग सांगितलं. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला गूळ दिल्याबिगर कुणी सोडत न्हाय. मालकांनी त्या कॉलेजवाल्यास्नी गूळ दिला, आन एक खडा पेटीवरबी ठेवला. ती माणसं वरडली, "अहो, बिघडंल!" तर मालक म्हणालं, "ह्योबी पावणाच की. एवढं ऐकून घेतोय, उपाशी धाडू व्हय?"

बाईंनी कंप्युटरकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आजी, एकच आलंय."

आधी इंजनाची धडधड. मग, "या पावणं, बसा." मी डोईवरचा पदर सारखा केला.

पोरगं ताडकन उठलं. "आये, ह्यो तर माझा आवाज हाय!"

"तुझा कसला? त्येंचा तू घेतलास."

त्येनं तितनंच घरात फोन लावला. सून, नातवंडं, समद्यास्नी ऐकवला. बाई हापिसातल्या बाकीच्या माणसास्नी बोलवायला पळाल्या. पेटीला गूळ दिला तवा समदी हसली, आन मालकबी टेपात हसलं. पोरगं म्हणालं, "आनी एकदा लावा." आनी एकदा लावला.

टेपात शेवटाला लांबनं एक बाई खच्चून वरडली, "भाकरी गार झाली म्हणावं! पेटीला गूळ चारून झाला असंल तर या आता!"

हापिसातल्या बाई हसल्या. "ही कोण हो, आजी?"

"मी," म्या म्हटलं. "दुसरं कोण असणार?"