लाल बटणावरचा कोट

गल्लीत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. हे नाव कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं. ते स्वतःच दिवसभर दुसऱ्यांना "सावकाश, सावकाश" म्हणत राहायचे, त्यामुळे ते आपसूक चिकटलं. जिना उतरणाऱ्याला सावकाश, गरम चहा पिणाऱ्याला सावकाश. एकदा तर खिडकीतून वाकून त्यांनी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलाही "सावकाश जा हो" म्हणून बजावलं होतं.

उभा जन्म त्यांनी सिनेमा थिएटरात ऑपरेटरचं काम केलं. नवीन असताना एकदा केबिनमध्ये फिल्मच्या रिळाने पेट घेतला आणि काम शिकवणाऱ्या वस्तादांच्या भुवया जळून गेल्या. त्या पुन्हा नीट उगवल्याच नाहीत. पुढे वस्ताद रागावले तरी समोरच्याला वाटायचं, यांना कसलंसं नवल वाटतंय. तो चेहरा सावकाशरावांच्या मनात कायमचा घर करून बसला. तेव्हापासून बल्ब बदलायचा तर ते आधी बटण बंद करत, मग मेन स्विच, आणि मग "वीज जरा शांत होऊ दे" म्हणत खुर्चीत टेकत.

थिएटर बंद पडलं तसे ते थोरल्या बहिणीकडे राहायला आले. ताईची लाँड्री होती. कपडे घराच्या मागच्या अंगणात धुवायचे आणि इस्त्रीचं दुकान गल्लीच्या खालच्या अंगाला. मधे चांगला उतार. इतकी वर्षं ताई कपड्यांच्या टोपल्या खांद्यावरून वाहत आली होती, आणि आता त्या खांद्याने हात टेकले होते. वेणी घालायलाही उजवा हात वर जाईना.

"गडी ठेव एखादा," सावकाशराव म्हणाले.

"ठेवला होता. कॉलरी पिवळ्या करून गेला."

मग सावकाशरावांनी मनावर घेतलं. भंगारवाल्याकडून मोडकी व्हीलचेअर आणली, तिच्या दोन्ही मोटरी काढल्या, बॅटरी बसवली, लोखंडी सांगाडा केला आणि कपडे वाहणारा रोबोट बनवायला घेतला. ताईला वाटलं, आठवडाभरात होईल. तिला काय ठाऊक, की तिचा भाऊ नुसता स्क्रू पिळायचा तरी डोळ्यांवर चष्मा चढवतो, बोटातली अंगठी काढून ठेवतो आणि शर्टाच्या बाह्यांना रबरबँड लावतो! बॅटरीची वायर काढल्याशिवाय ते सांगाड्याला बोटही लावत नसत. साखळीवर त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण ठोकलं, कुणाचं बोट की ओढणी आत जायला नको म्हणून. पुढच्या बाजूला रबरी पट्टी होती. ती कशालाही टेकली की गाडी थांबणार. रिमोटचा संपर्क तुटला तरी थांबणार. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मधोमध एक वाटीएवढं लाल बटण. ते दाबलं की बॅटरीची जोडणीच तुटणार, मग बाकी काहीही होवो.

पहिली चाचणी रोबोटला विटांवर ठेवून झाली. चाकं हवेत गरगर फिरली. ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कपडे आकाशातून नेणार आहेस का?"

"आधी हवेत, मग जमिनीवर," सावकाशराव म्हणाले. "चूक व्हायचीच असेल तर ती जागच्या जागी व्हावी."

अखेर रोबोट जमिनीवर उतरला आणि पाहुण्यांच्या पोरासारखा शहाणपणाने वागू लागला. फक्त एक खोड होती. जरा ओझं वाढलं की फ्यूज उडायचा. सावकाशरावांनी तो मुद्दाम नाजूक बसवला होता. गल्लीत एक साधा गतिरोधक लागला की फट्! मग सावकाशराव घरून नवा फ्यूज घेऊन निघायचे, तेही आपल्या चालीने. तोवर ताई भररस्त्यात दुसऱ्यांच्या चड्ड्या-बनियनांची राखण करत उभी.

"हा सारखा का बसतो रे?" तिने वैतागून विचारलं.

"दमतो," सावकाशराव म्हणाले. त्यांना वाटलं, ताईला एवढं कळलं तरी पुरे.

मग एके सकाळी सावकाशरावांची दाढ ठणकू लागली. गळ्याला मफलर गुंडाळून ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. निघताना तीन-तीनदा बजावून गेले, "मी नसताना रोबोटला हात लावू नकोस." ताईने मान डोलावली. ताईची मान डोलली म्हणजे तिने ऐकलं, असा अर्थ कुणी काढायचा नसतो. पण दाढ दुखत असताना माणसाचं भान कुठे असतं?

ते गेले आणि खालून निरोप आला, की नेहमीचे गिऱ्हाईक वकीलसाहेब दुकानाच्या दारात येऊन उभे आहेत, त्यांना काळा कोट आत्ताच्या आत्ता हवाय. ताईने रोबोटवर टोपल्यांचा डोंगर रचला. एक फेरी होतेच आहे तर सगळंच जाऊ दे, असा तिचा हिशेब. रिमोट दाबला. फट्! फ्यूज गेला.

ताईने फ्यूजचा डबा उघडून आत पाहिलं. एवढीशी तार जळलेली. एवढ्याशा तारेसाठी वकील खोळंबणार? तिने डाव्या हाताने अंबाड्यातली जाडजूड पिन काढली, वाकवली आणि फ्यूजच्या जागी ठोकून बसवली. रोबोट तत्काळ निघाला. ताईला आपल्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं, की तिने वकीलसाहेबांचा कोट सुरकुती पडू नये म्हणून वर मधोमध छान पसरला. बरोबर लाल बटणावर.

आता फ्यूज ज्यासाठी जळत होता ते काही थांबलं नव्हतं. ओझं तेवढंच होतं, मोटरी तेवढीच वीज ओढत होत्या, आणि मधे जळून रस्ता तोडणारं कुणी उरलं नव्हतं. गतिरोधकापाशी मोटरी हाकणारं सर्किटच जळालं. जळालेलं सर्किट बंदच पडतं असं नाही. कधीकधी ते दारासारखं सताड उघडं राहतं. तसंच झालं. बॅटरीतली सगळी वीज थेट मोटरींत घुसली आणि रोबोट सुसाट सुटला.

ताईने रिमोटवरची झाडून सगळी बटणं दाबली. काही नाही. धावत जाऊन पिन उपटायला गेली, तर पिन निखाऱ्यासारखी तापलेली! "आई गं!" म्हणून तिने हात मागे घेतला आणि रोबोट उताराला लागला.

नेमके त्याच वेळी सावकाशराव डॉक्टरांकडून परतत होते. दाढ निघाली होती. तोंडाचा अर्धा भाग बधिर, गालात कापसाचा बोळा, ओठ जणू शेजाऱ्याचा. समोरून आपलाच रोबोट कपड्यांचा डोंगर घेऊन उधळलेला दिसला. त्यांनी सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली, "लाल बटण दाबा!"

तोंडातून निघालं ते असं: "लाल वाटण दावा!"

सलूनवाला अर्धी दाढी सोडून दारात आला होता. "काय म्हणतायत?"

"लाल वाटण दाखवा म्हणतायत," तोंडाला फेस फासलेलं गिऱ्हाईक आतून म्हणालं. "भूक लागली असेल."

"दावा! दावा!" सावकाशराव दोन्ही हात नाचवत ओरडले.

लाँड्रीच्या दारात ताटकळलेल्या वकीलसाहेबांनी तेवढाच शब्द नेमका टिपला. "दावा लावू नंतर! आधी माझा कोट थांबवा!"

रोबोट लाँड्री ओलांडून पुढे निघाला. खाली फर्निचरवाल्याने आरशाची कपाटं रस्त्यालगत ओळीने मांडलेली, आणि रोबोट थेट त्यांच्या रोखाने. फर्निचरवाला हात पसरून आडवा उभा राहिला.

आणि मग गल्लीने कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. सावकाशराव धावले. पण धावता धावताही त्यांनी आधी गळ्यातला मफलर काढून भिरकावला. चाकाजवळ लोंबतं काही नको. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं. मग बाह्या वर सारल्या.

"अरे, हे कपडे का काढतायत?" सलूनवाला हबकून म्हणाला.

फर्निचरवाल्याला त्यांनी नुसत्या हाताने बाजूला लोटलं. असल्या यंत्राच्या पुढ्यात कुणी उभं राहायचं नसतं. स्वतः मागून येऊन बाजूने धावू लागले, एक बूट निसटला तो निसटू दिला, आणि धक्क्यांनी टोपल्यांतून कोटावर कलंडलेल्या कपड्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. हाताला चादर लागली, उशीचा अभ्रा लागला, कुणाचा तरी मोजा लागला. शेवटी काळ्या कोटाच्या खिशाखाली ते गोल, टणक काहीतरी लागलं. त्यांनी सगळा भार टाकून दाबलं.

खट्.

रोबोट घरंगळत पुढे गेला आणि पहिल्या कपाटाला टेकून थांबला. आरसा शाबूत राहिला. त्यात सावकाशरावांना एक सुजलेला, लाळ गाळणारा, एका बुटातला माणूस दिसला; त्यांनी त्याला क्षणभर ओळखलंच नाही.

वकीलसाहेबांनी कोट उचलला, झटकला आणि म्हणाले, "याची जबाबदारी कुणाची?"

"आई!" सावकाशराव म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं "माझी", पण वकीलसाहेबांनी कीव येऊन त्यांचा खांदा थोपटला आणि ते कोर्टाकडे पळाले.

ताई धापा टाकत आली. शिव्या खायच्या तयारीने तिने मान खाली घातली होती. सावकाशरावांकडे बोलायला पुष्कळ होतं, पण तोंड चालेना. त्यांनी डब्यातली काळी पडलेली पिन पाहिली, मग तिचा हात पाहिला. अंगठा आणि बोट लाल झालेलं. त्यांनी मनगट धरून तिला सलूनमधल्या नळाखाली उभं केलं आणि ती "पुरे रे आता" म्हणेपर्यंत पाणी सोडून ठेवलं.

घरी आल्यावर ते संध्याकाळची वाट पाहत बसले. बधिरपणा उतरला की ताईला असं सुनावायचं, की तिने जन्मभर लक्षात ठेवावं! वाक्यंसुद्धा मनात जुळवली. पण बधिरपणा उतरला तशी दाढेची जागा अशी ठणकू लागली, की बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं परवडलं. आणि गप्प बसल्यावर माणूस विचार करतो. तिने पिन लावली, खरं. पण फ्यूज इतका नाजूक कुणी बसवला, की एखाद्याला तो बाजूला सारल्यावाचून गत्यंतरच उरू नये? तो कशासाठी आहे ते तिला कधी सांगितलं का? "दमतो" म्हणे! आणि बटण कोटाखाली गेलं, म्हणजे कोटाखाली जाईल अशाच जागी आपण ते ठोकलं होतं.

ताईने बोटाला पट्टी बांधून पातळ खिमट आणून दिलं. "बोल एकदाचा काय बोलायचं ते. तुझं हे गप्प राहणं मला सहन होत नाही."

"फ्यूज मीच चुकीचा लावला," ते गाल धरून म्हणाले.

ताईने वाटी खाली ठेवली. इतक्या वर्षांत या घरात कुणी स्वतःहून चूक कबूल केल्याचं तिला आठवत नव्हतं. पुढे काय करायचं असतं तेही तिला माहीत नव्हतं. म्हणून ती म्हणाली, "आणि पिन मी. आता गिळ मुकाट्याने."

नंतर त्यांनी नवं सर्किट आणलं आणि ओझ्याला साजेसा फ्यूज बसवला. तो का जळतो, जळाला की आधी ओझं का कमी करायचं, हे ताईला शेजारी बसवून उलगडून सांगितलं. टोपल्यांच्या उंचीला आडवा गज लावला, त्याच्यावर कपडे जायचे नाहीत. लाल बटण एका उभ्या दांड्यावर नेलं, ताईच्या हाताशी येईल असं. वेग इतका कमी केला, की गोगलगायीनेही हॉर्न वाजवावा. पहिले काही दिवस ताई रिकामा रोबोट अंगणात फिरवत होती. मधेच सावकाशराव "थांब!" म्हणत आणि ती बटणावर थाप मारी. पुढे पुढे ते "था" म्हणायच्या आत खट् वाजू लागलं.

आता रोज सकाळी ताई रोबोटच्या बाजूने चालत उतार उतरते. अंबाडा घट्ट, ओढणी कमरेला खोचलेली. वाटेत कुणी कौतुकाने जवळ आलं, की ती तिथूनच खेकसते, "लांबून बघा! आणि तो लोंबता पट्टा आधी आत घ्या!"

परवा फर्निचरवाला म्हणाला, "ताई, याच्यापेक्षा तुम्हीच भरभर चालता. मग याचा उपयोग काय?"

ताईने नुसता उजवा हात सरळ डोक्यावर नेला, सुटलेली बट अंबाड्यात खोचली आणि रोबोटमागून चालू लागली.