मार्थाआजींचं तोंड कुणीकडे?

खरं म्हणजे हे सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलं आहे. माझे बाबा पिंपरीतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. "पाळकाच्या घरात ऐकलेलं उंबऱ्याबाहेर जात नाही," हा आईचा कायदा! पण माणसं येतात, बोलतात, आणि कोपऱ्यात तांदूळ निवडणारी मुलगी कुणाच्या लक्षातच येत नाही. किस्से साठत जातात. चारचौघांत बोलायची मला लाज वाटते, म्हणून लिहिते. गंमत म्हणजे आमच्याकडचे निम्मे किस्से मेल्यानंतर काय होणार याचेच आहेत!

*

फिलिपकाका नव्या कारखान्यात लागले आहेत. रात्रपाळी करून ते तसेच रविवारच्या उपासनेला येतात आणि मागच्या बाकावर डुलक्या घेतात. एकदा बाबा उपदेशात रंगले होते. "शेवटचा कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील!" नेमका तेव्हाच कारखान्याचा भोंगा झाला. फिलिपकाका ताडकन उठले, डबा काखेत मारला आणि दारापर्यंत पोचलेसुद्धा!

सगळे हसले. काका वळून बाबांना म्हणाले, "हसू नका साहेब. उठायची सवय असलेली बरी!"

*

आता मार्थाआजींचं. आमच्यात माणसाला पुरताना पाय पूर्वेला करतात. प्रभू पूर्वेकडून येणार, तेव्हा उठल्या उठल्या तोंड त्याच्याकडे हवं.

मार्थाआजी गेल्या तेव्हा आमचा नेहमीचा खड्डा खणणारा तापानं पडला होता. देहूरोडहून बाबालालचाचांना बोलावलं. चाचा मुसलमानांच्या कबरी खणतात. त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे इमानेइतबारे उत्तर-दक्षिण कबर खणली! पेटी घेऊन पोचल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. पाऊस कोसळत होता, खड्ड्यात पाणी भरत होतं. दुसरा खणायला वेळ नव्हता. बाबांनी तशीच प्रार्थना केली आणि आजींचे पाय दक्षिणेला झाले.

चाचा कान धरून उभे राहिले. बाबा म्हणाले, "चाचा, देवाला चारी दिशा सारख्याच."

आजींचे यजमान योहानआजोबा भिजलेल्या कोटात उभे होते. ते म्हणाले, "देवाला असतील हो! हिला एकही दिशा कळत नाही. चिंचवडच्या बाजारातून घरी यायला निघायची आणि ताथवड्याला पोचायची!"

*

तेव्हापासून आजोबांच्या जिवाला एकच घोर लागला. त्या सकाळी सगळी मंडळी उठून पूर्वेला चालू लागणार आणि मार्था एकटी दक्षिणेला! त्यांना आजींच्या पायांशी, उत्तरेला तोंड करून जागा हवी होती, म्हणजे उठताक्षणी समोरासमोर. बाबा म्हणत, "आजोबा, मंडळीचा नियम आहे. उद्या प्रत्येक जण आपापली दिशा मागेल."

एका दुपारी जागा पुरते का ते बघायला आजोबा तिथं स्वतःच आडवे झाले. सावली गार होती, डोळा लागला. गवत कापायला आलेल्या गावातल्या बायका जवळ पोचल्या आणि आजोबा कोट झटकत उठून बसले! विळे तिथंच टाकून बायका पळाल्या.

संध्याकाळी त्यातली एक आईकडे आली. "बाई, आमी समजत व्हतो तुमी आपलं बोलण्यापुरतं बोलताय. पर तुमची मान्सं खरंच उठत्यात की वं!"

*

पुढे आजोबांची छाती दुखायला लागली. बाबा त्यांना देहूरोडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर गंभीर झाले. "हृदय फार थकलंय. काही सांगता येत नाही."

आजोबा म्हणाले, "डॉक्टर, जायला माझी ना नाही. पण जागेचा निकाल लागेपर्यंत तेवढं चालू ठेवा. निकाल यांच्या हातात आहे!" आणि बाबांकडे बोट!

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत नीट. आईनं विचारलं, "मला कुठं ठेवणार हो तुम्ही?"

"असं काय विचारतेस? माझ्या शेजारी."

"का? नियमात आहे?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मोडतच बसले.

*

आणि आता ईस्टरचं. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी दफनभूमीत जमते. मेणबत्त्या लावायच्या, पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट बघायची. भिंतीपाशी बाबालालचाचाही आले होते. आजींच्या कबरीवरची माती ते दर वर्षी येऊन सारखी करतात.

सूर्य वर आला. बाबा मोठ्यानं म्हणाले, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सगळे म्हणाले.

मी हळूच मागे पाहिलं. योहानआजोबा आजींच्या पायांशी उभे होते, सगळ्यांपेक्षा वेगळे, उत्तरेला कबरीकडे तोंड करून. केस चापून बसवलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली.

बाबांनाही ते दिसलं. "आजोबा, इकडे पूर्वेला तोंड करा. प्रभू इकडून येणार!"

आजोबा हलले नाहीत. "प्रभू मला एका बाजूनंसुद्धा ओळखेल, साहेब. हिनं ओळखायला नको?"

कुणी हसलं नाही. फिलिपकाकासुद्धा नाही. बाबा सगळ्यांच्या मधून चालत आजोबांपाशी गेले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. मग चाचांना हाक मारली आणि आजोबांच्या पायाखालची जमीन दाखवली. "चाचा, वेळ येईल तेव्हा इथं. तोंड उत्तरेला."

चाचांनी जागा निरखून पाहिली. "म्हणजे साहेब, या टायमाला चूक जाणूनबुजून करायची ना?"

त्यावर बाबा इतक्या हळू काहीतरी म्हणाले की फक्त त्या दोघांना आणि जवळ सरकलेल्या मला ऐकू गेलं. ते म्हणाले, "चाचा, मागच्या वेळीसुद्धा ती चूक कदाचित–"

आले गं आई, आले! नाही, काही नाही लिहीत!