पंखा नसलेला लॅपटॉप

आमच्या घरी दोन लॅपटॉप होते आणि दोन्ही जुने होते. माझा चंदेरी, जाड. त्यातला प्रोसेसर दोन कोरचा, पंधरा वॅटचा, आणि तो गार ठेवायला आत एक छोटा पंखा. धाकट्या बहिणीचा काळा, पातळ. त्यातला प्रोसेसर चार कोरचा, सहा वॅटचा, पंख्याशिवाय चालणारा. त्याची उष्णता तळाच्या पत्र्यातून बाहेर पडे. ही गोष्ट मला माहीत होती. माझ्या वहीत ती लिहिलेलीही आहे.

बहीण एका खासगी विमा कंपनीत कंत्राटावर कामाला होती. मे महिन्यात कायम जागेसाठी परीक्षा होती; तीन तासांची, घरूनच द्यायची. वयाची अट चाळीस आणि तिला एकोणचाळीस पूर्ण झालेली, म्हणजे ही शेवटची संधी. कंत्राट जूनअखेर संपत होतं. परीक्षेचे नियम दोन पानं भरून आले होते. कॅमेरा आणि माइक सतत चालू हवा. खोलीत दुसरं कोणी दिसलं की परीक्षा रद्द. माइकमध्ये सलग आवाज आला की इशारा, आणि तिसऱ्या इशाऱ्यानंतर रद्द.

मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत. तिथली सवय अशी की वाद नको असेल तर मोजून बघायचं. परीक्षेच्या आधीच्या रविवारी सकाळी सहाला मी दोन्ही लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, कारण दोन मोकळे प्लग तिथेच होते. वहीत दोन रकाने आखले आणि मोबाइलचं घड्याळ लावलं.

"दादा, निकाल कधी छापणार?" बहीण चहा गाळत म्हणाली. "का एक्झिट पोल देऊनच मोकळा होणारेस?"

"पाच मिनिटं थांब."

"पाँच मिनिट में तो तुझावाला चालूसुद्धा होत नाही."

चालू झाला. एकच काम दिलं तर तोच पुढे होता. मोठी फाइल उघडायला काळ्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. चंदेरीचे दोन कोर एकेकटे जास्त ताकदीचे होते. पण कॅमेरा, माइक, स्क्रीनचं रेकॉर्डिंग आणि सराव परीक्षा हे सगळं एकदम लावलं तेव्हा काळ्याने कामं चार कोरांत वाटून घेतली आणि तो अडखळला नाही. चंदेरीची बॅटरी मेलेली होती. लाइट गेली की तोही गेला. काळा पाच तास टिकत होता. शिवाय दहाव्या मिनिटाला चंदेरीचा पंखा घरघरू लागला आणि माइकची हिरवी पट्टी वर चढली. काळा गप्प होता. मी काळ्याच्या रकान्याखाली दोन रेघा मारल्या; परीक्षा त्याच्यावरच द्यायची.

ही चाचणी वीस मिनिटं चालली. ओटा कडप्प्याचा होता आणि सकाळी सहाला तो हाताला गार लागतो. या दोन गोष्टी वहीत नाहीत.

खात्रीसाठी मी दोन्ही लॅपटॉप इंदूरच्याच स्नेहलतागंजमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने झाकणं उघडली, फुंकर मारून धूळ उडवली आणि हसला.

"भिया, दोनों बुढ़ऊ हैं. फरक इत्ता ही है कि ये वाला गरम होता है तो चिल्लाता है. वो वाला गरम होता है तो चुपचाप अपनी चाल आधी कर लेता है. बताएगा भी नहीं."

"तो भरोसे का कौन सा?"

"चिल्लाने वाले का पता तो चलता है ना."

मी हे वाक्य अवतरणचिन्हांत लिहून घेतलं. आमच्या धंद्यात बातमीला अडचणीचं ठरणारं वाक्य शेवटच्या परिच्छेदात टाकतात. छापलं जातं, पण तिथवर कोणी वाचत नाही.

बाबा मिलमध्ये फिटर होते. मिलमध्ये जड यंत्रांच्या पायांखाली नमदा घालत; नमदा म्हणजे दाबून घट्ट केलेली जाड लोकर. त्याने हादरे जमिनीत उतरत नाहीत आणि यंत्राचा आवाज कमी होतो. मिल बंद झाली तेव्हा बाबांनी नमद्याची एक गुंडाळी घरी आणली. आमच्याकडे मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, सगळं नमद्यावर बसलेलं आहे. "मशीन नंगी बैठी तो रोएगी," हे त्यांच्या मिस्त्रींचं वाक्य त्यांनी आमच्या लहानपणापासून वापरलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते गॅलरीत बसून मोठ्या कात्रीने नमद्याचा चौकोन कापत होते. मी शेजारून गेलो. चौकोन साधारण दीड वीत लांब होता. मी विचारलं नाही.

परीक्षा दुपारी दोन ते पाच. जुन्या इंदुरातल्या आमच्या घराची वरची खोली ठरली होती. गल्लीत हातगाड्यांचा पुकारा चालतो म्हणून खिडक्या लावल्या. माइकसाठी छताचा पंखा बंद, कूलर बंद. बहिणीने पाण्याची बाटली घेतली, ओला रुमाल मानेला गुंडाळला आणि दोनला दहा कमी असताना दार लावून घेतलं. बाबा आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

माउसच्या टिचकीखेरीज आतून काहीच आवाज येत नव्हता. ठरलं होतं तसंच. दार हाताला गरम लागत होतं.

"चांगलं चाललंय," बाबा हळू आवाजात म्हणाले. "खुट्ट नाही."

थोड्या वेळाने ते स्वतःशीच हसले. "मिलमध्ये उलटं होतं. आवाज थांबला की आम्ही पळत सुटायचो."

तीन वाजेपर्यंत माउसची एखादी टिचकी ऐकू यायची, मग शांतता, मग टिचकी. सव्वातीनला दोन टिचक्या लागोपाठ आल्या. साडेतीनला पाच-सहा. त्यानंतर त्या मोजता येईनात. एकाच जागी बोट आपटत राहावं तशा. मग बराच वेळ काही नाही. मी उठून दाराशी गेलो.

"कुठे चाललास?" बाबांनी माझी बाही धरली. "तुझं तोंड दिसलं तर कॅन्सल होईल ना तिची."

ते बरोबर बोलत होते. मी परत बसलो. दुरुस्तीवाल्याचं वाक्य मला तेव्हा शब्दन् शब्द आठवलं. दाराआड प्रोसेसर स्वतःला वाचवायला चाल कमी करत होता आणि पडद्यावर त्याची एक ओळही येत नव्हती. परीक्षेचं घड्याळ मात्र कंपनीच्या सर्व्हरवर चालत होतं.

पाचला दार उघडलं. बहिणीचा कुडता पाठीला चिकटला होता. एक हात तिने ओढणीखाली ठेवला होता.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"आवाजाचा इशारा आला?"

"एकही नाही, बाबा."

"मी म्हटलं नव्हतं? नमदा कामी आला."

 ती जिना उतरून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. तिने ओढणीखालून नमद्याचा चौकोन काढून ओट्यावर ठेवला. मी त्याला हात लावला आणि लगेच हात मागे घेतला. तवा उतरवलेल्या फडक्यासारखा तो तापलेला होता. तीन तास लॅपटॉप त्याच्यावर बसला होता आणि तळाच्या पत्र्यातल्या उष्णतेला वाट मिळाली नव्हती.

"शेवटच्या विभागात उत्तर दिलं की गोल फिरत बसायचा," ती म्हणाली. "एकेका प्रश्नाला मिनिट, दीड मिनिट. मला सगळं येत होतं, दादा. बावीस प्रश्न उघडलेच नाहीत."

"नमदा काढायचा होतास."

"मला काय माहीत त्याच्यामुळे होतंय? तू म्हणालास, हा लॅपटॉप चांगलाय. उचलला तेव्हा चटका बसला, तेव्हा कळलं." मग दाराकडे बघून म्हणाली, "बाबांना बोलायचं नाही. कसम आहे तुला."

आठ दिवसांनी मेल आली. त्यात चार ओळी होत्या. जूनअखेर तिने ऑफिसचं ओळखपत्र परत केलं. बाबांना आम्ही सांगितलं की पेपर अवघड होता. त्यांनी मान हलवली.

ती आता घरूनच अर्ज करते, माझ्या चंदेरी लॅपटॉपवर. त्याची घरघर बाबांना खालच्या खोलीत ऐकू येते. सोमवारी एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत आहे, दुपारची. बाबांनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

आज सकाळी ते गॅलरीत कात्री घेऊन बसले होते. मी विचारलं, कशासाठी.

"हा फार ओरडतो रे," ते म्हणाले. "ह्याला जाड लागेल. दोन थर घालतो."

बहीण आत उभी राहून हे ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान नकारार्थी हलवली. मी बाबांना नमद्याचं दुसरं टोक धरून दिलं.