उलट्या जबड्याची धामण

धामणीच्या सांगाड्याचा खालचा जबडा मी उलटा चिकटवला. दात जमिनीकडे. दोन बॅचेसच्या मधल्या सुट्टीत, एका हातात चहाचा कप धरून केलेलं काम... आणि गोंद असा पक्का, की नंतर निघेचना.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी प्राणिशास्त्राचा मास्तर. सापाच्या जबड्यावर संशोधन करायला निघालो आणि लातुरात क्लासेस घेत अडकलो. भूकंपाला वर्ष होत आलं होतं, तरी अधूनमधून जमीन हलायची. लोक इतके थकले होते, की भीतीचाही कंटाळा आला होता.

क्लास तिसऱ्या मजल्यावर, मागे डाळ मिल. ती चालू असली की बाकं थरथरायची. पण त्या दुपारी अमावास्येची सुट्टी — मिल बंद. बारावीची बॅच, पहिल्या बाकावर माझीच मुलगी, रेवती. मी (कितव्यांदा कोण जाणे) सांगत होतो — साप जबडा जमिनीला टेकवून हादरे ऐकतो. आपल्या पूर्वजांच्या जबड्यातलीच काही हाडं पुढे आपल्या कानात गेली.

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, तुमची धामण तर टेबलाला चावून राहिली!"

वर्ग हसला. मी वळून पाहिलं. चिकटवलेला जबडा उघडला... मिटला... पुन्हा उघडला. शेजारचा खडू जागचा हललासुद्धा नाही.

"बाहेर! सगळे बाहेर!" मी ओरडलो.

पोरं "सर घाबरले, सर घाबरले" करत खिदळत उतरली. शेवटचा रस्त्यावर आला आणि जमीन हादरली. नंतर वर जाऊन पाहिलं, तर रेवतीच्या बाकावर छताच्या गिलाव्याचा भलामोठा तुकडा पडलेला.

पालकांनी मला हार घातले. बायकोने माहूरला जाऊन देवीची ओटी भरली. मी मात्र जबडा ओढून पाहिला — दगडासारखा घट्ट. गोंदाला साधी चीरही नाही. मग तो हलला कसा? उत्तर अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगू... आता शोधायचं त्राणही नाही.

हे लिहून मासिकाला पाठवण्याआधी रेवतीला वाचायला दिलं. ती आता नांदेडला डॉक्टर आहे. वाचून तिने कागद परत केले.

"बाकी सगळं बरोबर आहे, पप्पा. फक्त 'बाहेर' हे तुम्ही जिन्यातून ओरडला होतात. माझ्या बाकावरून उडी मारून."